नागपूरच्या बर्डीवरचे (सीताबर्डी) प्रिंटर रिपेअरिंगवाले भाऊ: हेड बदला म्हणून सांगितलेला प्रिंटर 950 रुपयांत चालू झाला

आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, बाकी महाराष्ट्रातली पोरं तोवर दहा-पंधरा दिवस वर्गात बसून झालेली असतात. म्हणजे माझ्या घरगुती ट्युशन्सपण तेव्हाच सुरू होतात आणि प्रिंटर जो एप्रिलमध्ये झाकून ठेवलेला असतो तो एकदम जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडला जातो. मी मानेवाड्याकडे राहते, आठवी ते दहावीचे गणित-विज्ञान घेते, दर शनिवारी टेस्ट असते, प्रश्नपत्रिका घरीच काढते. प्रिंटर साधा, शाईच्या टाक्यांचा, चार रंगवाला, तीन वर्षं झाली. कंपनी लिहीत नाही कारण प्रॉब्लेम कंपनीचा नव्हताच, ते पुढे येईलच.

तर या जूनमध्ये पहिली टेस्ट काढायला बसले आणि कागद कोरा आला. कोरा म्हणजे निळं-पिवळं थोडंफार उमटलं, काळा पूर्ण गायब. मी काय केलं, जे सगळेच करतात, कॉम्प्युटरमधून हेड क्लीनिंग दिलं, म्हणजे कागदावर शाई सोडणारा जो भाग असतो, हेड, तो साफ करायची कमांड. मग परत दिलं. मग परत. रात्री साडेअकरापर्यंत नऊ वेळा दिलं असेल, आणि समोरच्या टाकीतली काळी शाई डोळ्यादेखत बोटभर खाली गेली पण कागदावर एक रेघ नाही. शेवटी त्या रात्री चौकातल्या झेरॉक्सवाल्याला फोन करून सकाळी सातला दुकान उघडायला लावलं, बिचाऱ्याने उघडलंही.

सोमवारी एकाला घरी बोलावलं, नाव-गाव लिहायचं नाही मला. त्यांनी पाच मिनिटं पाहिलं, झाकण उघडलं, बंद केलं, आणि म्हणाले हेड गेलं, 4,800 लागतील, त्यापेक्षा नवीन घ्या मॅडम. व्हिजिटचे 350 घेतले. मी खरंच नवीन घ्यायला निघाले होते. माझ्या नणंदेच्या ऑफिसमधल्या एकाने सांगितलं की थांब, आधी बर्डीवर दाखव.

बर्डीच्या आतल्या गल्लीत पहिल्या माळ्यावर हे दुकान आहे. दुकान म्हणजे एक खोली, दोन माणसं, आणि भिंतीला लागून खालपासून वरपर्यंत उघडे प्रिंटर. नाव मी इथे टाकत नाही आहे कारण त्यांनीच सांगितलं, मॅडम फोन नंबर नका टाकू, आम्ही दोघंच आहोत, जास्त काम झालं की मग वेळेवर देता येत नाही. तरी लिहून राहिले कारण त्यांनी जे केलं आणि जे समजावून सांगितलं ते नागपुरात ज्याच्या घरी असा प्रिंटर आहे त्याला कामाचं आहे.

आधी फोन केला तर पहिलीच सूचना अशी मिळाली की आणताना प्रिंटर सपाट आणजा, उभा-आडवा करू नका, गाडीवर तर आणूच नका, टाकीतली शाई आत सांडते. मी अ‍ॅक्टिवावर मुलीच्या मांडीवर ठेवून न्यायच्या बेतात होते. मग ऑटो केला, पूर्ण रस्ता मांडीवर थाळीसारखा धरून.

गेल्या-गेल्या त्यांनी प्रिंटर चालू केला नाही. आधी मला विचारलं, तुम्ही बंद कसा करता? मला प्रश्नच कळला नाही. बंद म्हणजे भिंतीवरचं बटण बंद, जसं मिक्सरचं, इस्त्रीचं. ते म्हणाले तिथंच चुकलं न मॅडम. आणि मग प्रिंटर उघडून दाखवलं, उजव्या टोकाला एक छोटी रबराची चौकट असते, डब्याच्या झाकणाच्या रबरासारखी, आत स्पंज. प्रिंटरवरच्या बटणाने बंद केला की हेड सरकत जाऊन त्या चौकटीवर बसतं आणि रबर त्याला हवाबंद करतं. भिंतीवरून डायरेक्ट वीज काढली तर हेड जिथे असेल तिथेच उघडं राहू शकतं. त्यात एप्रिल-मे नागपूरचा. 2013 च्या मे महिन्यात इथे 47.9 डिग्री झालं होतं ते आपल्याला सगळ्यांना आठवते, 44-45 तर बहुतेक उन्हाळ्यांत होतेच, आणि या घरगुती प्रिंटरच्या पुस्तकात चालवायचं तापमान साधारण 10 ते 35 डिग्री लिहिलेलं असतं. म्हणजे आपल्या दुपारी ते यंत्र त्याच्या मर्यादेच्या बाहेरच आहे. हेडला केसापेक्षा बारीक छिद्रं असतात, दोन महिने उघडं हेड, कोरडी गरम हवा, शाई तिथल्या तिथे वाळून बसते. त्यात माझ्या मॉडेलमध्ये काळी शाई पिगमेंटची आहे, म्हणजे तिच्यात रंगाचे बारीक कण असतात, बाकी तीन रंग पाण्यात विरघळणारे. म्हणून सगळ्यात आधी काळा गेला आणि रंग थोडे का होईना राहिले. हे ऐकल्यावर मला एकदम सगळं जुळलं, तीन वर्षांत दर जूनला मला थोडा-थोडा हा त्रास होत होता, मी दरवेळी शाईला दोष द्यायची.

मग त्यांनी नोझल चेकचा कागद काढला. हा कागद ज्यांनी कधी काढला नसेल त्यांनी जरूर काढा, शाई नगण्य लागते आणि सगळं कळते. चार रंगांच्या छोट्या-छोट्या रेघांच्या पायऱ्या छापून येतात, जिथे रेघ तुटलेली तिथलं छिद्र बंद. माझ्या कागदावर काळ्याच्या जागी फक्त तीन रेघा होत्या, निळ्याच्या मध्ये भोकं. ते म्हणाले तीन येऊन राहिल्या म्हणजे हेड जिवंत आहे, जळलेलं असतं तर वेगळं दिसलं असतं. या एका वाक्यासाठी मी त्यांना पैसे द्यायला तयार होते, कारण आधीच्या माणसाने हा कागद काढलाच नव्हता.

नऊ वेळा क्लीनिंग दिलं हे सांगितल्यावर ते रागावले नाही पण त्यांनी खाली वाकून मागच्या बाजूचं एक झाकण काढून आतला पॅड दाखवला. जाड फेल्टसारखा, पूर्ण काळानिळा, बोट लावलं तर ओलं. क्लीनिंगमध्ये जी शाई ओढली जाते ती कुठेतरी जायला पाहिजे न, ती इथे जाते. आणि प्रिंटर आत मोजत असतो की किती शाई गेली, आकडा भरला की एक दिवस तो आपोआप चालायचं बंद करतो, दिवे लपलप करतात आणि लोक म्हणतात मशीन उडाली. उडालेली नसते, पॅड बदलून आकडा शून्य करावा लागतो. नुसता आकडा शून्य करून देणारे पण आहेत, पॅड न बदलता, मग शाई खालून टेबलावर वाहते, असे दोन प्रिंटर त्यांच्याकडे तेव्हा पडलेले होते. त्यांचं म्हणणं असं की क्लीनिंग दोनदा द्या, फार तर तीनदा, नाही झालं तर बंद करून 12 तास तसाच राहू द्या, मग परत नोझल चेक काढा. वाळलेली शाई त्या वेळात थोडी ओली होते आणि सुटते. लागोपाठ दिल्याने नुसती शाई जाते.

त्यांनी मग त्या स्पंजवर सिरिंजने साफ करायच्या पाण्याचे आठ-दहा थेंब टाकले, हेड त्यावर नेऊन बसवलं आणि म्हणाले रात्रभर राहू द्या, उद्या संध्याकाळी येजा. मी म्हटलं मला पाहायचं आहे कसं होते. तर दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा माझ्यासमोर उघडला, पांढरा टिश्यू घडी करून हेडखाली सरकवला, दोन मिनिटांनी काढला. आधी तपकिरी डाग, मग त्याच्या मधून एक काळी ओळ उमटलेली, सरळ, जशी पेनने आखली. नोझल चेक काढला तर काळ्याच्या पायऱ्या जवळजवळ पूर्ण, दोन रेघा कमी. ते म्हणाले या दोन चार-सहा दिवस छापून आपोआप येऊन जातील. आल्या, खरंच आल्या, पाचव्या दिवशी.

दुसरा प्रॉब्लेम मी त्यांना सांगितलापण नव्हता कारण मला वाटायचं तो असाच आहे. कागद तिरका जायचा. वीस कागदांतले चार-पाच तरी तिरके, आणि दर शनिवारी एकदा तरी अडकायचाच. त्यांनी मागच्या ट्रेमध्ये टॉर्च मारला आणि लांब चिमट्याने आधी एक पेन्सिलीचं सालपट काढलं, मग कागदाचा तुकडा, आणि मग रबरी रोलरवरून नखाने खरवडून एक टिकली. लाल, मखमलीची, माझीच. रोलरच्या डाव्या टोकाला चिकटलेली, घासून-घासून अर्धी झालेली. जिथे टिकली तिथे रबराची पकड नाही, म्हणून कागदाची उजवी बाजू आधी ओढली जायची आणि डावी मागे राहायची. किती महिने ती तिथे होती कोण जाणे. मग रोलर ओलसर कापडाने फिरवून-फिरवून पुसला, कापड राखाडी झालं, कागदाचीच भुकटी ती.

अडकलेला कागद मी नेहमी पुढून जोरात ओढायची. त्यांनी सांगितलं की कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेने, दोन्ही हातांनी, हळू काढायचा, आणि काढल्यावर चारही कोपरे आहेत का बघायचे. कोपरा नाही म्हणजे तो आतच आहे आणि पुढचा कागद तिथेच अडकणार. ही सवय मी आता मुलीलापण लावली आहे.

आणि कूलर. हे खास आपल्या इकडचं आहे म्हणून लिहिते. माझ्या ट्युशनच्या खोलीत वाळ्याचा मोठा कूलर आहे आणि प्रिंटर बरोब्बर त्याच्या झोतात. कूलरची हवा ओली, कागद ती ओढून घेतो, मऊ पडतो, कडा वळतात, एकाला एक चिकटतात आणि मग दोन-दोन कागद एकदम जातात. मी 500 कागदांचं अख्खं रीम उघडून ट्रेशेजारी ठेवायची, ते चूक. लागतील तेवढेच काढायचे, बाकी त्याच्याच कागदात गुंडाळून कपाटात, आणि ट्रेमध्ये टाकायच्या आधी पत्त्यांसारखे फुलवून घ्यायचे. पावसाळ्यात तर जास्तच. प्रिंटर मी आता खोलीच्या दुसऱ्या भिंतीला नेला आहे, तेव्हापासून दोन कागद एकदम गेल्याचं मला आठवत नाही.

मी बसले असताना एक झेरॉक्सवाले आले होते लेझर प्रिंटर घेऊन, त्यांचं ऐकून मला बरंच कळलं. त्यांच्या प्रिंटवर अंगठा घासला की अक्षरं निघून येत होती, काळी पूड हाताला. भाऊंनी पाहताक्षणी सांगितलं फ्युजर. लेझरमध्ये शाई नसते, पूड असते, ती कागदावर बसते आणि मग दोनशे डिग्रीच्या आसपास तापलेल्या रोलरखालून जाते तेव्हा वितळून पक्की होते. तो तापत नसला तर पूड तशीच राहते. जर सलग उभी काळी रेघ येत असेल तर ड्रमवर, म्हणजे पूड कागदावर उतरवणाऱ्या गोल नळीवर, चरा, आणि सारख्या-सारख्या अंतरावर एकच डाग येत असेल तर फिरणाऱ्या कुठल्यातरी रोलरला किंवा ड्रमला त्या जागी लागलं आहे, ते अंतर पट्टीने मोजून कुठला ते सांगतात. त्यांनी खरंच पट्टी काढून मोजलं एका दुसऱ्या कागदावर. आणि त्या झेरॉक्सवाल्यांना विचारलं की लेझर यूपीएसला लावला का, तर हो. लेझर यूपीएसला लावू नका, फ्युजर तापताना एकदम खूप करंट ओढतो, ते छोट्या यूपीएसला झेपत नाही. आमच्याकडे लाईट जाते-येते म्हणून लोक सगळंच यूपीएसला जोडतात, कॉम्प्युटर जोडा, प्रिंटर वेगळ्या प्लगला.

घरी आणल्यावर अजून एक झालं, पण त्यात दुकानाची काही चूक नाही. मे महिन्यात आम्ही इंटरनेटचं कनेक्शन बदललं होतं, नवीन राऊटर आला, आणि प्रिंटर लॅपटॉपवर ऑफलाईन दाखवून राहिला होता. फोन केला, त्यांनी फोनवरच सांगितलं, एक रुपया घेतला नाही. हे प्रिंटर बहुतेक 2.4 गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, 5 वर नाही, आणि नवीन राऊटर दोन्ही देतो, तर प्रिंटरला 2.4 वालं नाव निवडून द्यायचं. ते झालं, दोन दिवस चाललं, लाईट गेली, राऊटर परत चालू झाला आणि परत ऑफलाईन. याचं कारण असं की राऊटर दरवेळी प्रिंटरला नवीन नंबर देऊ शकतो, आयपी अ‍ॅड्रेस, आणि लॅपटॉप जुन्याच नंबरवर शोधत बसतो, घर बदललेल्या माणसाला जुन्या पत्त्यावर पत्र टाकल्यासारखं. राऊटरच्या सेटिंगमध्ये प्रिंटरचा नंबर कायमचा बांधून टाकता येतो, आमच्या ह्यांनी ते केलं, अर्धा तास लागला, त्यानंतर त्रास नाही.

एकदा प्रिंट दिलं, कॅन्सल केलं, आणि ते ना छापे ना जाये, त्याच्यामागे बाकीची सगळी रांग अडकलेली. हे विंडोजचं आहे, प्रिंटरचं नाही. सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्राम, थांबवायचा, मग विंडोज फोल्डरमध्ये सिस्टम32, त्यात स्पूल, त्यात प्रिंटर्स, त्या फोल्डरच्या आतल्या फायली पुसायच्या, फोल्डर नाही पुसायचा, आणि स्पूलर परत चालू करायचा. हे त्यांनी एका चिठ्ठीवर लिहून दिलं होतं बिलासोबत, सगळ्यांनाच देतात वाटते.

मराठी शिक्षकांसाठी एक, कारण हे मी त्यांना विचारलं आणि त्यांना लगेच कळलं. माझी मैत्रीण जुन्या फॉन्टमध्ये प्रश्नपत्रिका टाईप करून पाठवते, माझ्याकडे उघडली की सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मी प्रिंटरलाच नावं ठेवायची. तो युनिकोडच्या (सगळ्या कॉम्प्युटरवर मराठी सारखीच दिसावी म्हणून असलेली पद्धत) आधीचा फॉन्ट आहे, ज्याच्या कॉम्प्युटरवर नाही त्याला कचराच दिसणार. तिने पीडीएफ करून पाठवायचं, बस. आणि पीडीएफमध्ये स्क्रीनवर बरोबर दिसते पण छापताना वेलांटी-रफार सरकतात तेव्हा अ‍ॅक्रोबॅटच्या प्रिंटच्या खिडकीत अ‍ॅडव्हान्स्डमध्ये इमेज म्हणून छापायची खूण असते ती करायची. थोडं हळू छापते पण 'सूर्य'चा रफार जागेवर येतो. विज्ञानाच्या पेपरात 'ऊर्जा' आणि 'घर्षण' चुकीचं छापून आलं तर मुलं तसंच लिहितात, मला ते चालत नाही.

शाईबद्दलही त्यांनी विचारलं, कुठली टाकता. मी मध्यंतरी एकदा स्वस्तातली काळी बाटली टाकली होती. ती कुठल्या प्रकारची आहे हे बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. पिगमेंटच्या टाकीत दुसऱ्या प्रकारची काळी मिसळू नका एवढंच त्यांनी सांगितलं, महागडी त्यांच्याकडूनच घ्या असं म्हणाले नाही. ते शाई विकतच नाहीत.

बिल: हेड साफ करायचे 600, पॅड बदलून आकडा शून्य करायचे 350, रोलरचे काहीच नाही. एकूण 950. 4,800 च्या जागी. जुना पॅड पिशवीत घालून परत दिला, की बदलला याची खात्री म्हणून, हे मला फार आवडलं. पंधरा दिवसांत परत तोच प्रॉब्लेम आला तर फुकट, असं चिठ्ठीवर लिहून सही.

आता जे आवडलं नाही ते. बुधवारी देतो म्हटलं आणि शुक्रवारी दिला, पॅड यायचा होता म्हणे, पण मग फोन करून सांगायला पाहिजे होतं, मी ऑटो करून जाऊन परत आले, दोनशे रुपये आणि अख्खी संध्याकाळ गेली. टेस्ट परत चौकातून छापून आणावी लागली. फोन पाचदा लावला तर एकदा उचलतात. जिना फार अरुंद आहे, माझ्यासारखीला छोटा प्रिंटर घेऊन चढतानाही भिंतीला कोपर घासलं, वयस्क माणसाने एकट्याने जाऊ नये. पार्किंगचं तर बर्डीवर विचारूच नका. घरी येत नाहीत, हे सगळ्यात मोठं. ज्यांच्याकडे जड मशीन आहे त्यांना अवघड आहे. म्हणून पाचपैकी चार, कामाला पाच देईन पण वेळेला तीनच.

तिथून निघताना त्यांनी माझ्या प्रिंटरच्या झाकणावर पांढऱ्या टेपचा एक तुकडा लावला आणि मार्करने लिहिलं, आधी इथलं बटण, मग भिंतीवरचं. माझी मुलगी आता दर सोमवारी चारही रंग येतील असा एक कागद छापते, उन्हाळ्यातपण छापायचं आहे, सुट्टीत गावाला गेलो तर शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवून त्यांना दाखवून जाणार आहे.

जाणार असाल तर साडेअकराच्या आधी जाऊ नका, शटर बंद असते. पॉवरची केबल घरी राहिली तरी त्यांच्याकडे असते, पण यूएसबीची आपली न्या, आणि शेवटचा खराब आलेला कागद फेकू नका, तो सोबत न्या, ते सगळ्यात आधी तोच मागतात.